पब्लिक हाऊस आणि परमिट रूम

मी दारू पीत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. ३२ वर्षं शाळेत शिकवलं, नवरात्रात नऊ दिवस उपास धरते, आणि तरीही गेल्या जूनमध्ये एका शनिवारी रात्री पावणेदहापर्यंत मी चक्क पबमध्ये बसले होते.

लेक-जावई आयर्लंडमध्ये गॉलवे नावाच्या गावी नोकरीला आहेत. लेक म्हणाली, "आई, आज तुला पबला न्यायचंय." मी म्हटलं, "येडी झालीस का? लोक काय म्हणतील?" ती हसली. "कोण लोक? इथं तुला ओळखतंय कोण!"

गेले. कॉरिब नदी तिथं धावतच समुद्राला मिळते. पाण्यात हंस, काठावर माणसं, आणि रात्रीचे साडेआठ वाजले तरी लख्ख ऊन. पब काठावरच. आत शिरताना पदर सावरला, सवयीनं. पण कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एका टेबलाशी काठी टेकवून बसलेली ऐंशीच्या घरातली आजी, शेजारी तान्हं बाळ घेऊन आलेली आई, पलीकडं कामावरच्या मळक्या बुटांनिशी आलेले दोघं, दारापाशी खिदळणाऱ्या कॉलेजच्या पोरी. मी घाबरत घाबरत चहा मागितला. मिळाला की!

कोपऱ्यात पाचसहा जण वाद्यं घेऊन बसले होते. स्टेज नाही, माईक नाही. एकानं फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन छेडलं, दुसऱ्यानं बासरी धरली, एक बाई बोड्रान वाजवायला लागली. बोड्रान म्हणजे जवळपास आपला डफच, फक्त लहानशा लाकडी काडीनं वाजवतात. कुणीतरी चाल सुरू करायची, ज्याला येते त्यानं सामील व्हायचं. एकादशीला देवळात भजनी मंडळ बसतं ना, थेट तसं. पेटीवाला सूर धरतो, मग टाळ, मग पखवाज. फरक एवढाच की इथं बाया मागच्या सतरंजीवर नव्हत्या, मधोमध होत्या.

दहा वाजायला आले तशी पोरं घेऊन आलेली मंडळी उठू लागली. तिथला कायदाच आहे. १५ वर्षांखालची मुलं आईबापासोबत रात्री ९ पर्यंतच पबमध्ये थांबू शकतात. मे ते सप्टेंबर १० पर्यंत.

पब हा शब्द मुळात 'पब्लिक हाऊस'. सगळ्यांचं घर. आणि आपल्याकडच्या पाटीवर काय असतं? 'परमिट रूम'. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो, त्यातून आलेलं नाव. त्यांच्याकडं घर, आपल्याकडं खोली. खोलीला काळी काच, आत लाल दिवा, आणि दारात मोटारसायकली अशा लावलेल्या की बाईनं रस्ता बदलावा.

बरं, दारूचं सोडा. साध्या चहाचं सांगते. मागं एका लग्नाहून येताना रात्रीचे साडेआठ झाले. आम्ही तिघी मैत्रिणी बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरलो. खाली टेबलं रिकामी होती. पोऱ्या म्हणाला, "मावशी, फॅमिली वर आहे." वर म्हणजे जिना चढून, पडदा लावलेल्या खुराड्यात. तो वाईट बोलला नाही हो. त्याच्या हिशेबानं तो आमची सोयच बघत होता. आम्ही चहा न पिताच निघालो.

आता कुणी म्हणेल, त्यांची संस्कृती वेगळी. थांबा. आयर्लंडमध्येही असाच पडदा होता. जुन्या पबमध्ये 'स्नग' नावाची बंदिस्त खोली असायची, धुरकट काचेची. बाईनं तिथं बसायचं, कुणाला दिसायचं नाही. १९७० च्या दशकापर्यंत कित्येक पब बायकांना बिअरचा मोठा ग्लास द्यायला नकार देत. डब्लिनच्या बाया घोळक्यानं पबमध्ये शिरून भांडल्या. बाई आहे म्हणून नकार देणं बेकायदा ठरलं ते २००० च्या कायद्यानं. म्हणजे ती आजी तरुण असताना तिलाही 'फॅमिली वर आहे' असंच ऐकावं लागलं असणार.

आणि दारूनं तिथंही घरं मोडलीत. उगाच का तिथल्या सरकारनं २०२२ पासून दारूची किमान किंमत कायद्यानं ठरवून दिली? आपल्या राज्यात आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडणाऱ्या बायांच्या बाजूनंच मी आहे. मला धाराशिवला पब नकोय. मला ती काठावरची संध्याकाळ हवीय.

आणि ती आपल्याला परकी नाही. नळदुर्गला बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं बांध घातला, १६१३ च्या सुमाराला. त्या बांधाच्या पोटात पाणी महाल केला. कशासाठी? तर बाहेर पाणी कोसळत असताना आत बसून ते बघावं म्हणून. हा तोच सुलतान, ज्यानं संगीतावर 'किताब-ए-नवरस' लिहिलं. पाण्याकाठी बसावं हे या जिल्ह्याला ४०० वर्षांपूर्वी सुचलेलं आहे. फक्त ती बैठक राजाची होती. सगळ्यांची करायचं काम आपल्याकडं राहिलंय.

"रात्री बायकांना सुरक्षित नाही," हे उत्तर मला देऊ नका. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता आठवा. वाहनं बंद, रात्रभर माणसंच माणसं, त्यात हजारो बाया अनवाणी चालतात. कुणाला भीती वाटत नाही, कारण दिवे असतात, चहा असतो आणि आजूबाजूला दुसऱ्या बाया असतात. रस्ता तोच, अंधार तोच. वर्षातून एका रात्री जमतं, ते शनिवारी दोन तास का जमू नये?

मागणं लहान आहे. शहरात हातलाईचा तलाव घ्या, नाहीतर दुसरी कुठली जागा. रात्री १० पर्यंत दिवे. बसायला बाक. कुलूप नसलेलं स्वच्छ स्वच्छतागृह. बचत गटांच्या बायांना चहा-भजीच्या टपऱ्या. शनिवारी एखादं भजनी मंडळ, एखादा हलगीवाला, गोंधळी, ज्याला वाजवता येतं तो. पुतळ्याचा आणि कमानीचा खर्च बघता हा खर्च काहीच नाही. नगरपालिका करेल तेव्हा करेल. आम्ही पाचसहा जणींनी येत्या शनिवारपासून थर्मास आणि सतरंजी घेऊन जायचं ठरवलंय. पुरुषांनीही यावं. घरच्या बाईला घेऊन यावं, एवढीच अट.

परतीच्या दिवशी मी लेकीला म्हटलं, "कधीतरी कायमची ये गं गावाकडं." ती म्हणाली, "येईन आई. पण तिथं संध्याकाळी सातनंतर मी करू काय?"

त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नव्हतं. शनिवारपासून शोधायला लागतेय.