हल्ली गाणी राहिली नाहीत म्हणणाऱ्यांसाठी सात गाणी

मेसमध्ये रात्रीच्या जेवणानंतर हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: "आजकाल गाणी राहिली कुठे?" म्हणणारे बहुतेक वेळा माझे सिनियर असतात, निवृत्त असतात, आणि मी त्यांचा मनापासून आदर करतो. पण या एका मुद्द्यावर माझं त्यांच्याशी पटत नाही. गाणी भरपूर आहेत. फक्त ती आता आपण जिथे शोधतो तिथे नाहीत.

माझी पिढी खडकवासल्यात होती तेव्हा वॉकमन आणि कॅसेटचा शेवटचा काळ होता. 'बॉर्डर' येऊन गेला होता, आणि त्यातलं चिठ्ठीचं गाणं न ऐकता एकही बडाखाना पार पडत नसे. त्याआधीच्या पिढीकडे विविध भारतीची 'जयमाला' होती. एका रेडिओभोवती अख्खं सेक्शन बसायचं. फर्माईश कोणाचीही असो, गाणं सगळ्यांचं व्हायचं. आज प्रत्येक जवानाच्या खिशात स्वतःचा रेडिओ आहे आणि कानात इअरफोन. वर पोस्टवर जायच्या आधी मुलं गाणी डाउनलोड करून नेतात, कारण तिथे नेटवर्क नसतं. एका बराकीत तीस माणसं आणि तीस वेगवेगळी गाणी.

माझी चिंता इथून सुरू होते. आमचं युनिट 'ऑल इंडिया ऑल क्लास' आहे. कुमाऊंचा, केरळचा, काश्मीरचा, कोल्हापूरचा, सगळे एकाच लंगरमध्ये जेवतात. अधिकाऱ्याला या मुलांची भाषा यावी अशी अपेक्षा असते, पण इतक्या सगळ्या भाषा कोणाला येणार? गाणं मात्र कळतं. म्हणून गेली काही वर्षं मी एक नियम केला आहे. नवीन मुलगा युनिटमध्ये आला की गाव, घर, शेती विचारून झाल्यावर मी त्याला विचारतो, "सध्या काय ऐकतोस?" खाली दिलेली बहुतेक गाणी मला अशीच मिळाली. यात देशभक्तीपर गाणं एकही नाही, आणि ते मुद्दाम आहे. २६ जानेवारीला ती लाउडस्पीकरवर वाजतात ते ठीकच, पण ड्युटी संपवून स्लीपिंग बॅगमध्ये शिरलेला मुलगा घरचं गाणं ऐकतो.

१. सोनचडी (कुमाऊंनी, २०२४). राजुला-मालूशाही ही कुमाऊंची जुनी प्रेमकथा. राजुला तिबेटशी व्यापार करणाऱ्या शौका घराण्यातली, मालूशाही कत्यूरी राजपुत्र. कोक स्टुडिओ भारतच्या या गाण्यात बागेश्वरकडच्या लोकगायिका कमला देवी आहेत आणि सोबत नेहा कक्कर. नेहा कक्करचं नाव ऐकून नाक मुरडू नका. कमला देवींचा आवाज लागला की डोंगरउतारावरून कुणी हाक मारतंय असं वाटतं. कुमाऊं रेजिमेंटच्या बँडवर 'बेडू पाको' ऐकलेल्या प्रत्येक वेटरनने हे ऐकावं.

२. क्या करिए कोरिमोल (काश्मिरी, २०२३). 'कोरिमोल' म्हणजे मुलीचा बाप. लग्नघर, बायकांचं वनवुन आणि लेकीला निरोप देणारा बाप असा याचा विषय. काश्मीरमध्ये नोकरी केलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना तिथला रस्ता, नाला आणि वळण पाठ असतं, पण तिथल्या घरात लग्नात काय गातात ते माहीत नसतं. गाणारा अलिफ, म्हणजे मोहम्मद मुनीम, हा श्रीनगरचा. त्याचा बँड मात्र आपल्या पुण्यात घडला. दोन मुलींचा बाप असलेला माझा एक साताऱ्याचा हवालदार शब्द न कळताही हे गाणं शेवटपर्यंत ऐकून गप्प बसला होता.

३. रन इट अप (इंग्रजी रॅप, २०२५). हनुमानकाइंड हा मलप्पुरममध्ये जन्मलेला आणि ह्यूस्टनमध्ये वाढलेला रॅपर. 'बिग डॉग्ज'मध्ये त्याने मौत का कुआँ जगाला दाखवला. जत्रेत तो फळ्यांवरून पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचं काय कौतुक! पण मी सुचवतोय ते त्याच्या पुढचं गाणं. खाली चेंड्याचा ठेका आहे, आणि व्हिडिओत केरळचं कळरीपयट्टू, पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता आणि महाराष्ट्राचा मर्दानी खेळ आहे. दांडपट्टा फिरताना पाहून आमचा कोल्हापूरचा ड्रायव्हर उठून उभाच राहिला. आवाज जास्त वाटला तर आधी व्हिडिओ बघा, मग नुसतं ऐका.

४. जी वीरे (मेटल, २०१८). हे यादीतलं सर्वांत जुनं, आणि तुम्ही सगळ्यात आधी बंद कराल तेही हेच. दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड ढोल, बासरी आणि कानठळ्या बसवणारी गिटार एकत्र करतो. हे गाणं नैराश्यावर आहे, त्यातून बाहेर ये असं भावाला सांगणारं. हे मला एका सिग्नलमनने दिलं. मुलगा कामाला चोख, पण महिनाभर कमी बोलत होता. काय ऐकतोस विचारल्यावर त्याने इअरफोन पुढे केला. गाणं संपल्यावर मी विचारलं, "हे रोज ऐकतोस?" तो म्हणाला, "रोज, साहब." मग आम्ही बसलो. घरी जमिनीचा वाद होता, वडील आजारी होते, आणि त्याला रजा मागायची लाज वाटत होती. त्याच आठवड्यात तो घरी गेला. परत आला तेव्हा वाद मिटला नव्हता, पण मुलगा बोलत होता. "काय अडचण आहे?" असं मी सरळ विचारलं असतं, तर उत्तर ठरलेलं होतं: "सब ठीक है, साहब."

५. मीठा खारा (गुजराती, २०२४). कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांचं गाणं. ही कुटुंबं पावसाळा संपला की रणात येतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून आगरात सोडतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथेच राहतात. आदित्य गढवी, मधुबंती बागची आणि थानू खान यांनी ते गायलं आहे. रणातल्या पोस्टिंगला 'पनिशमेंट' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून पाठवतो. आपण तिथे दोन-तीन वर्षं काढून कुरकुरतो, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

६. तांबडी चामडी (मराठी, २०२४). आता आपल्या घरचं. क्रेटेक्सचं संगीत, श्रेयस सागवेकरचा आवाज, आणि प्रकार 'हाऊस', म्हणजे क्लबमध्ये नाचायचा ठेका. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते प्रसिद्ध केलं. थट्टामस्करीचं गाणं आहे, त्यात भावगीत शोधू नका. पण पूर्वी मिश्र युनिटच्या बडाखान्यात डीजेवर पंजाबी, भोजपुरी, हरियाणवी वाजायचं आणि मराठी मुलं दुसऱ्यांच्या गाण्यांवर नाचायची. आता हे गाणं आणि जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' लागली की बिहारची आणि पंजाबची मुलं आपल्या पोरांना स्टेप विचारतात. भाषा टिकवायच्या परिसंवादात बसून हे घडत नाही.

७. हे मिन्नले (तामिळ, २०२४). मेजर मुकुंद वरदराजन यांच्यावरच्या 'अमरन' चित्रपटातलं. मेजर मुकुंद २५ एप्रिल २०१४ रोजी शोपियांमध्ये हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. पण या गाण्यात बंदूक नाही, तर एकमेकांपासून लांब असलेलं जोडपं आणि त्यांचं प्रेम आहे. जी. व्ही. प्रकाश यांची चाल इतकी साधी आहे की शब्दांवाचून पोहोचते. फौजीच्या बायकोवर सिनेमात बहुधा फक्त रडायची वेळ येते. इथे ती आधी हसते, जगते. घरी सोबत बसून ऐका.

सगळंच नवं चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. दारू, पिस्तूल आणि गाडीचा ब्रँड यांची नुसती यादी गाणारं पुष्कळ आहे. शस्त्र रोज खांद्यावर वागवणाऱ्याला त्या गाण्यातल्या पिस्तुलाचं कौतुक वाटत नाही. पण कचरा प्रत्येक काळात होता. आपण फक्त जुना कचरा विसरलो आणि सोनं तेवढं आठवणीत ठेवलं.

लता, रफी, बाबूजी सोडा असं मी कोणालाच म्हणणार नाही. माझ्याही फोनमध्ये सुधीर फडके आहेत आणि राहतील. म्हणणं एवढंच, की ज्याचं ऐकणं विशी-पंचविशीत थांबलं त्याचं विचारणंही हळूहळू थांबतं. युनिटमध्ये असलात तर हाताखालच्या मुलाला, निवृत्त असलात तर नातवाला या रविवारी विचारा, "काय ऐकतोस?" त्याचा एक इअरफोन मागून घ्या. गाणं आवडलं नाही तरी पूर्ण ऐका आणि लगेच मत देऊ नका. मत ऐकलं की मुलं दुसरं गाणं दाखवत नाहीत.

आणि तुमच्याकडचं एक नवं गाणं मला जरूर कळवा. सोबत ते कोणी दिलं तेही लिहा. पुढची पोस्टिंग कुठे लागेल माहीत नाही, पण सामान बांधताना फोनमध्ये जागा ठेवली आहे.