काम मागणे म्हणजे भीक नव्हे

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला होती. "सरकारनं जगविलं बाबा," असे ती आजही म्हणते. मला हे वाक्य खटकते. भर उन्हात दगड तिने फोडले. मग उपकार कुणाचे?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळी काम ही मेहेरबानी होती. आता काम हा हक्क झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुरीला पैसा आला, ही गोष्टही थोडी नव्हे. २००५ साली हाच विचार देशाने स्वीकारला : ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, आणि मागणीनंतर १५ दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता. पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत आपला नांदेडही होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १२५ झाले. मात्र पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. शेतकऱ्याला मजूर मिळावा, हा हेतू. शेतकऱ्याची अडचण मलाही दिसते. पण रोजाचा भाव ठरवताना "नाहीतर हमीच्या कामावर जाईन" एवढेच शब्द मजूर बाईच्या हाती असतात. ऐन हंगामात तेच काढून घ्यायचे का?

आता स्वतःविषयी. दोन वर्षांपूर्वी आई काम मागायला गेली. "काम निघालं की सांगू," असे ऐकून परत आली. मागणी लेखी द्यायची, तारखेची पावती घ्यायची, हे तिला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. परीक्षेत याच कायद्यावर मी चार पाने लिहिली, गुणही मिळवले. आईचा चार ओळींचा अर्ज मात्र लिहिला नाही. पुढच्या खेपेला तो लिहिला आणि पावती घेऊनच आलो.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलो आहोत. कायदे मुंबई-दिल्लीत बदलत राहतील. पण लेखी मागणीवाचून कुठलीही हमी कागदावरच राहते. नायगावच्या आसपास ज्याच्या-त्याच्या गल्लीत आजीसारखी, आईसारखी माणसे आहेत. या सुटीत प्रत्येकाने एक तरी अर्ज लिहून द्यावा. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.