घरातलं शास्त्र : न बघता हात कुठे आहे ते कसं कळतं?

मैत्रिणींनो, वेणी घालताना आपले हात पाठीमागे असतात, तरी पेड चुकत नाही. निऱ्या घालता घालता मुलाचा चुकलेला पाढाही आपण पकडतो! हात-पाय कुठे आहेत हे न बघता कळतं, कारण स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे अगदी सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेलाय याची वर्दी ते मेंदूला सारखी देत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं भलं मोठं नाव दिलं.

ही वर्दी फसवीही असते बरं का. १९७२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दंडाच्या स्नायूला कंप देऊन पाहिला, तर डोळे बांधलेल्या माणसाला आपला हात प्रत्यक्षापेक्षा जास्त सरळ झाल्यासारखा वाटला. तुम्हीही एक गंमत करा. दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हातांच्या पाठीनं चौकट अर्धा मिनिट बाहेर रेटा. मग पुढे येऊन हात सैल सोडा. बहुतेकींचे हात आपोआप वर तरंगतात! माझ्या वर्गातल्या मुली तर किंचाळल्याच.

स्नायू दमले की अंदाज असाच चुकतो. म्हणून ढीगभर कणीक तिंबून झाल्या झाल्या उकळत्या दुधाचं पातेलं उचलू नये. उचलायचंच तर गप्पा थांबवून, नजर हातांवर ठेवून. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तेव्हा तर नस दबल्यामुळे वर्दी मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. पाय हलवून, जमिनीचा स्पर्श नीट कळू लागल्यावरच उठावं, मग दारावरची बेल कितीही वाजो.

आता जरा काळजीचं. सासूबाई किंवा आई तोंड धुताना, डोळे मिटले की झोकांडी जाते, अंधारात पाऊल चुकतं, पण उजेडात बऱ्या चालतात, असं होतंय का? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. पायांकडून येणारी वर्दी कमी झाली, की माणूस डोळ्यांच्या आधारानं तोल सांभाळतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं असं होऊ शकतं. ते भाजी-डाळींत नसतं. दूध-दह्यात असतं, अंडी-मासळीतही. पूर्ण शाकाहारी आणि दूधही न घेणाऱ्या बायकांनी विशेष लक्ष द्यावं. मधुमेहानंही पायांच्या नसा बिघडतात. डॉक्टरांना ‘चक्कर येते’ एवढंच न सांगता ‘डोळे मिटल्यावर तोल जातो’ असं नेमकं सांगा. बी-१२ रक्ततपासणीत कळतं, आणि उपचारांना उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. तोवर न्हाणीघरात रात्रभर छोटा दिवा ठेवा आणि तोंड धुताना एक हात भिंतीला लावायला सांगा.