काढा अंगी लागतो, म्हणजे काय होते?

किकवी हे पुणे-सातारा महामार्गावरचे भोर तालुक्यातले गाव. रस्त्यावर भरधाव वाहने आणि जरा आत वळले की कुंपणाला अडुळसा, बांधाला निर्गुडी, झाडावर चढलेली गुळवेल. पश्चिमेला भोर ओलांडून नीरेच्या खोऱ्यात शिरले की हिरडस मावळ लागते. बाजीप्रभू देशपांड्यांचे हे मावळ. त्याच्या नावातच हिरडा ऐकू येतो. या पट्ट्यात झाडपाल्याचे औषध कुणाला शिकवावे लागत नाही. खोकल्याला अडुळसा, पोटाला हिरडा, तापाला गुळवेल. आता त्याच घरांतल्या फळीवर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही आल्या आहेत. सकाळी आधी काढा आणि त्यावर गोळी, असा क्रम लागतो. गोळी डॉक्टरांना ठाऊक असते. काढ्याचे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

मराठीत ‘अंगी लागणे’ हा फार नेमका शब्दप्रयोग आहे. एवढे खातो, पण अंगी लागत नाही, असे घरोघरी बोलतात. पोटात गेलेले आणि शरीराला मिळालेले यांत अंतर असते, हे त्या तक्रारीतच आले. वनस्पतींच्या औषधांबाबत हे अंतर फार मोठे असू शकते. जठरातले आम्ल काही द्रव्ये मोडून टाकते. पुढे लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही द्रव्ये आत घेतात आणि काही चक्क परत आतड्यात ढकलतात. जे आत शिरते तेही थेट अंगभर पसरत नाही. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते आणि तिथे परकी द्रव्ये मोडून बाहेर टाकण्याची तयारी लगेच सुरू होते. या नाक्यांवरून जे सुटते, तेवढेच पुढे जाते.

हळदीचे उदाहरण घ्या. हळदीत करक्युमिन सुमारे तीन टक्के. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जे शोषले जाते त्याचा यकृत व आतडे झटपट निकाल लावतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी मूठभर निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम करक्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते नाममात्रच सापडले. सोबत वीस मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर ते प्रमाण वीस पटींनी वाढले. पिपरिन म्हणजे मिऱ्याचा तिखटपणा. आठ-दहा मिऱ्यांत साधारण एवढे असते.

आयुर्वेदात औषध कशाबरोबर घ्यायचे याला अनुपान म्हणतात. तूप, मध, ताक, कोमट पाणी असे ते ठरलेले असते. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू कितीतरी औषधांच्या पाठांत येते. त्या परंपरेतून आधुनिक प्रयोगशाळेलाही धागा मिळाला. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने पिपरिनवर अनेक वर्षे काम केले आणि २००९ मध्ये रिसोरिन हे क्षयरोगाचे कॅप्सूल बाजारात आले. त्यात रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली होती; मदतीला दहा मिलिग्रॅम पिपरिन. मात्र हा सरसकट नियम नाही. चंडीगडच्या संशोधकांनी सशांना त्रिकटू देऊन पाहिले, तेव्हा क्षयाच्याच आयसोनियाझिडचे रक्तातले प्रमाण उलट घटले.

रक्तात किती पोचले, यावरच सगळे ठरते असेही नाही. सोनामुखीतील सेनोसाइड लहान आतड्यात फारसे शोषले जातच नाहीत. ते मोठ्या आतड्यापर्यंत जातात, तिथले जिवाणू त्यांना फोडतात आणि मग काम सुरू होते. म्हणून रात्री घेतलेले चूर्ण सकाळी गुण देते. इसबगोल तर आतड्यातच फुगून आपले काम करते. ते चिकट जेल मात्र दुसऱ्या गोळीचे शोषण लांबवू शकते, म्हणून दोन्हींत दोनेक तासांचे अंतर ठेवायला सांगतात. ज्येष्ठमधातले द्रव्य आतड्यातल्या जिवाणूंनी फोडल्यावरच रक्तात उतरते. रोज आणि जास्त घेतले, तर रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. खोकला बसावा म्हणून ज्येष्ठमध चघळणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला हे कुणी सांगितलेले असते का?

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य इथे अडते. जे अंगी लागते तेच गुण देते आणि तेच नडू शकते. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली; त्यांतला एक दगावला. सात रुग्णांकडची उत्पादने तपासली, तेव्हा तिघांच्या गोळ्यांत मिऱ्याचे पिपरिनही निघाले. भाजीतल्या चिमूटभर हळदीशी याचा संबंध नाही. शोषण वाढवून रोज मोठ्या मात्रेत घेतलेली हळद ही वेगळी वस्तू आहे.

गुळवेलीची गोष्ट आपल्या जास्त जवळची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वनस्पतीवर नेटाने संशोधन केले. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी तिचा उपयोग होतो का, हे त्यांनी तपासले आणि निष्कर्ष आशादायक होते. पुढे करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. मंत्रालयाचा आक्षेप खरा धरला, तरी तो लोकांना धीर देणारा नाही. कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, हेच माहीत नसेल तर तिची मात्रा कोण ठरवणार?

काढा आणि गोळी एकमेकांची वाट कशी अडवतात, याचा धडा झुरिकच्या डॉक्टरांनी २००० साली दिला. सेंट जॉन्स वॉर्ट ही युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती. हृदय बदललेल्या दोन रुग्णांनी ती सुरू केली. तिने औषधे मोडणारी यकृतातली आणि आतड्यातली विकरे वाढवली, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाचे रक्तातले प्रमाण घसरले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले.

आपल्याकडच्या औषध नियमावलीतला १५८-बी हा नियम आयुर्वेदातल्या ग्रंथोक्त पाठांना नव्या सुरक्षा-चाचणीशिवाय परवाना देतो. शतकानुशतकांचा वापर हा त्यामागचा आधार. पण त्या वापरात साखरेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी आणि काढा एकत्र नव्हते. वैद्यांचे एक म्हणणे योग्य आहे: संपूर्ण वनस्पतीचे मोल एका द्रव्याच्या रक्तातल्या आकड्यावर करू नये. सोनामुखीने ते दाखवलेच आहे. पण म्हणून मोजूच नये, असे होत नाही. निदान जी औषधे महिनोन्‌महिने घ्यायला सांगून विकली जातात, त्यांची नेहमीच्या गोळ्यांबरोबर काय गत होते, हे तपासून बाटलीवर मराठीत छापणे सरकारने सक्तीचे करावे.

तोवर दोन गोष्टी हातात आहेत. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ हे विचारावे, न रागावता. कारण रागावले की रुग्ण पुढच्या वेळी लपवतो. आणि किकवी असो की कोथरूड, दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पिशवीत चूर्णाची पुडी आणि काढ्याची बाटलीही टाकावी.