मामूंच्या गालावरचे व्रण कोणी पुसले?

मागच्या महिन्यात मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घरी एक जुनी व्हीएचएस कॅसेट ‘नवी’ होऊन आली. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर लागलेला एक मुशायरा अब्बांनी तिच्यावर उतरवून घेतला होता. श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत माझे मामू होते. दुकानदाराने एआय वापरून चित्र अगदी लख्ख करून दिलं. अम्मीने ते पाहिलं आणि विचारलं, “हे कोण?”

मामूंच्या गालांवर देवीचे व्रण होते. यंत्राने ते टेपवरचे डाग समजून पुसून टाकले. मंचामागच्या उर्दू फलकावरचे नुक्तेही गेले. उर्दूत एका नुक्त्याने ‘दुआ’चा ‘दगा’ होतो, हे यंत्राला कोण सांगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की याला जीर्णोद्धार म्हणू नका. ही नवी निर्मिती आहे.

दूरदर्शनचं जुनं चित्र 625 रेषांचं. त्यातल्या 576 रेषांतच दृश्य असतं. सेकंदाला 25 चित्रं, आणि प्रत्येक चित्र सम-विषम रेषांच्या दोन भागांत विभागलेलं. हे दोन भाग नीट जुळवणं, तुटलेली रेष शेजारच्या चित्रावरून भरणं, ही कामं न्यूरल नेटवर्कने जरूर करावीत. तो माल टेपमध्येच असतो. बीबीसीने 2008 मध्ये ‘डॅड्स आर्मी’ मालिकेच्या एका भागाचे रंग परत मिळवले, तेही कृष्णधवल फिल्मवर उमटून राहिलेल्या रंगसंकेताच्या ठिपक्यांमधून. त्याला शोध म्हणतात.

पण गर्दीतल्या चेहऱ्याच्या वाट्याला आलेल्या पंधरा-वीस रेषांतून पापण्या आणि सुरकुत्या काढणं हा शोध नव्हे, अंदाज आहे. तो अंदाज यंत्राला शिकवताना दाखवलेल्या चेहऱ्यांवरून येतो. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामांचं धूसर छायाचित्र दिलं, तर तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. जिथे ओबामा वाचले नाहीत, तिथे मोमिनपुऱ्यातल्या मामूंची काय कथा?

“करमणुकीची गोष्ट, एवढं काय मनाला लावून घेता?” असं मित्र म्हणतात. पण टेपवर फक्त मुशायरे नाहीत. 1992-93 ची मुंबईची दंगल, 1994 साली आमच्याच नागपुरात 114 जणांचा बळी घेणारं गोवारी हत्याकांड, या काळात बातम्यांचं चित्रण टेपवरच होत असे. उद्या कोणी अशा गर्दीतला पुसट चेहरा ‘साफ’ करून “हाच तो” म्हणाला तर? ओळख चुकल्याची किंमत किती वर्षांच्या तुरुंगवासाने चुकवावी लागते, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. टेप दमटपणाने खराब होतात, व्हीसीआरचं उत्पादनही 2016 मध्ये थांबलं. पैसा आधी मूळ टेप जशीच्या तशी डिजिटल करण्यावर खर्च व्हावा. ती प्रत कधीही पुसू नये. यंत्राने भर घातलेल्या प्रतीवर तसं ठळक लिहावं, आणि ती पुरावा म्हणून कुठेही चालू नये. सरकारी संग्रहालाही हाच नियम, दुकानदारालाही हाच.

आणि तुमच्या घरी कॅसेट असेल तर ‘सुधारून’ घेण्याआधी मूळ प्रत मागून घ्या. आमच्याकडे ती आहे. अम्मी तीच पाहते. तिच्यात मामू पुसट दिसतात, पण दिसतात ते मामूच.