टाळेबंदी कोणाची?

मराठी वृत्तपत्रांनी २०२०च्या मार्च महिन्यात ‘लॉकडाऊन’ला ‘टाळेबंदी’ हा प्रतिशब्द योजिला, तेव्हा त्या शब्दाचा पूर्वेतिहास फार थोड्यांच्या ध्यानी आला असेल. गिरणगावात, ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये टाळेबंदी म्हणजे मालकाने कामगारांविरुद्ध उपसलेले हत्यार. संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. कुलूप एकाने लावावयाचे आणि उपास दुसऱ्याने काढावयाचा. साथीच्या उपाययोजनेस हा शब्द चिकटला तो भाषांतराच्या घाईत. तथापि दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या नगरांत पुढील दोन महिन्यांत जे घडले ते पाहता, त्या घाईत लागलेला शब्द फारच नेमका लागला असे म्हणावे लागते.

साथ खरी होती, आणि संसर्ग रोखण्यासाठी माणसांचा परस्परसंपर्क कमी करणे आवश्यक होते, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो वेगळा. २२ मार्च रोजी रेल्वेने प्रवासी गाड्या थांबविल्या. २३ तारखेच्या सकाळपासून दिल्ली बंद झाली. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवर येऊन मध्यरात्रीपासून एकवीस दिवस अवघा देश बंद राहील असे जाहीर केले. म्हणजे ‘जेथे आहात तेथेच राहा’ हे सांगण्यापूर्वी घरी जाण्याचे साधन काढून घेण्यात आले होते, आणि सांगितल्यानंतर तयारीसाठी चार तास देण्यात आले. देशात त्या दिवशी रुग्णसंख्या पाचशेच्या आसपास होती. चार तासांत धनिक वस्त्यांतील मंडळी दुकानांपुढे रांगा लावून पीठ, तेल, बिस्किटे घेऊन आली. ज्याच्या खिशात महिनाअखेरचे शे-दोनशे रुपये उरले होते त्याला चार तासांऐवजी चार दिवस दिले असते तरी त्याने काय भरून ठेवले असते?

महिनाअखेर हा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो, पण कामगाराच्या हिशेबात तोच सर्वांत मोठा. कारखान्यातील वेतन साधारणतः पुढील महिन्याच्या सात ते दहा तारखेदरम्यान हाती पडते. २४ मार्चला कुलूप लागले तेव्हा मार्चची मजुरी मालकाकडे अडकलेली, फेब्रुवारीची संपत आलेली. दिल्ली-हरियाणा सीमेवरील कापसहेडा या वस्तीत हे चित्र स्पष्ट दिसले. सीमेच्या पलीकडे गुरुग्रामचे उद्योग विहार. तेथे जगातील नामांकित कंपन्यांसाठी कपडे शिवले जातात. शिवणारे हात राहतात अलीकडे, दिल्लीच्या हद्दीत, तीन-चार मजली इमारतींतील आठ बाय दहाच्या खोल्यांमध्ये. एका खोलीत चार-पाच जण. काही दिवसपाळीचे, काही रात्रपाळीचे, त्यामुळे एरवी सर्वजण एकाच वेळी खोलीत असण्याचा प्रसंग येत नाही. टाळेबंदीने तो आणला. पाळ्या बंद झाल्या, आणि पाळीपाळीने झोपण्यासाठी असलेल्या जागेत सर्वांनी दिवसरात्र एकत्र राहावे असे फर्मान निघाले. संडास मजल्यावर सामाईक, नळ सामाईक. ‘सहा फुटांचे अंतर’ हा उपदेश भ्रमणध्वनीवर प्रत्येक क्रमांक लावताना ऐकू येई. खोलीची रुंदीच आठ फूट, हे मात्र त्या ध्वनिफितीला ठाऊक नव्हते.

अशा अनेक इमारतींत तळमजल्यावर किराणा दुकान असते, ते घरमालकाचेच. माल तेथूनच घ्यावा हा अलिखित नियम. उधारीची वहीही तेथेच. भाडे, वीज, डाळ-तांदूळ या सर्वांचा हिशेब एकाच माणसाच्या हाती. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्चला आदेश काढला की एक महिना स्थलांतरित कामगारांकडे भाडे मागू नये, आणि मालकांनी टाळेबंदीतील वेतन कपात न करता द्यावे. कागदावर आदेश चांगलाच होता. पण भाडे मागितले नाही तरी उधारी बंद करता येते, हे शासनाला उमगले नाही असे समजणे फार भाबडेपणाचे होईल. वेतनाच्या आदेशाची आयुमर्यादा तर दोन महिन्यांहूनही कमी ठरली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, सरकारने १८ मेपासून आदेश मागे घेतला, आणि १२ जूनला न्यायालयाने मालक व कामगार यांनी वाटाघाटीने मार्ग काढावा असे सुचविले. गावी निघून गेलेल्या शिलाई कामगाराने उद्योग विहारातील मालकाशी कोणत्या मेजावर बसून वाटाघाटी कराव्यात, हा तपशील अनुत्तरितच राहिला.

या पार्श्वभूमीवर २८ मार्चला आनंद विहारच्या बस आगारापाशी जमलेला हजारोंचा समुदाय पाहावयास हवा. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली अशी ती छायाचित्रे देशाने पाहिली आणि त्यांना ‘बेशिस्त’ म्हटले, ‘अफवांना बळी पडलेले’ म्हटले. अफवेचा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयातही मांडला गेला. ३१ मार्चला सरकारच्या वतीने तेथे सांगण्यात आले की आता रस्त्यावर कोणीही चालत नाही. त्यापूर्वीच दिल्लीतील एका उपाहारगृहाचे जेवण घरोघर पोहोचविणारा एक कामगार मुरैना जिल्ह्यातील आपल्या गावाकडे पायी निघून, सुमारे दोनशे किलोमीटर चालून, आग्र्याजवळ कोसळून मरण पावला होता. बरेलीत परतणाऱ्या माणसांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले होते. आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी, ८ मे रोजी पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. माणसांच्या गाड्या बंद होत्या, मालाच्या चालू होत्या. म्हणूनच ते रुळांवर निर्धास्त झोपले.

चालत निघालेल्यांची मनःस्थिती केवळ भीतीची नव्हती. त्यात अपमानाचा मोठा वाटा होता. दिल्ली सरकारने शेकडो शाळांतून शिजविलेले अन्न वाटले. ते केले नसते तर अनर्थ झाला असता, हे मान्यच करावयास हवे. परंतु काल यंत्रावर बसून दिवसाकाठी शेकडो शिवणी घालणारा कारागीर आज भांडे घेऊन दोन-दोन तास उन्हात उभा राहतो, आणि क्रमांक येईतो खिचडी संपते, तेव्हा त्याच्या मनात जे होते ते कोणत्याही वाटपाच्या आकडेवारीत येत नाही. सरन्यायाधीशांनी एप्रिलच्या आरंभी विचारले होते की जेवण मिळत असेल तर मजुरीच्या पैशांची गरज काय. गावी पाठविण्याचा पैसा, भ्रमणध्वनीचे रिचार्ज, मुलाचे औषध, चिमूटभर तंबाखू आणि ‘माझे मी खातो’ हा अभिमान, ही त्या प्रश्नाची उत्तरे कापसहेड्यातील कोणीही देऊ शकला असता. यमुनाकाठी काश्मिरी गेटजवळ तर ११ एप्रिलला रात्रनिवारे पेटले. तेथील एकाचा मृतदेह नदीत सापडल्यानंतर संतापलेल्या निराश्रितांनीच ते पेटविले, आणि पुढचे काही दिवस शेकडो माणसे नदीकाठी पुलाखाली पडून राहिली.

आणि धान्य? १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. नियमानुसार आवश्यक साठा सुमारे २.१ कोटी टन. म्हणजे कोठारे फुटेस्तोवर भरलेली होती. मोफत पाच किलो धान्याची योजना आली तीही शिधापत्रिकाधारकांसाठी. कामगाराची शिधापत्रिका दरभंगा, एटा किंवा छतरपूरला. तो राबतो हरियाणात आणि झोपतो दिल्लीत. तीन राज्यांपैकी एकाच्याही यादीत तो ‘येथला’ नाही. दिल्ली सरकारने पत्रिका नसलेल्यांसाठी ई-कूपन काढले. त्यासाठी स्मार्टफोन हवा, इंटरनेट हवे, आधार हवे. केंद्राने स्थलांतरितांना दोन महिने धान्य देण्याची घोषणा केली ती १४ मे रोजी, म्हणजे निम्मे लोक वाटेला लागल्यावर.

दुसऱ्या दिल्लीतील दिवस निराळे जात होते. तेथे सोसायटीच्या फाटकावर तापमापक पिस्तूल घेतलेला पहारेकरी उभा राहिला. रहिवासी संघांनी घरकाम करणाऱ्या बायकांना प्रवेश बंद केला. काही घरांनी पगार चालू ठेवला, पुष्कळांनी ठेवला नाही. आकाश निळे झाले, यमुनेचे पाणी निवळले, पक्ष्यांचे आवाज ऐकू आले, दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ५ एप्रिलला नऊ मिनिटे दिवे मालवले गेले. या वर्गाची सरसकट टवाळी करणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यातील पुष्कळांच्या नोकऱ्या पुढे गेल्या, पगार कापले गेले; एकाकी वृद्धांनी भिंतींशी बोलत महिने काढले. राजेंद्र नगर, करोल बाग, मुखर्जी नगर येथे स्पर्धा परीक्षांसाठी आलेली महाराष्ट्रातील मुले खाणावळी बंद झाल्याने खोल्यांत अडकली; ३१ मेची पूर्वपरीक्षा ४ ऑक्टोबरवर गेली, आणि मेच्या मध्यास त्यांच्यासाठी भुसावळपर्यंत विशेष गाडी सोडावी लागली. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून देशभर पसरलेल्या गलाई कारागिरांच्या भट्ट्याही सराफ बाजारांबरोबर थंडावल्या. दुःख सर्वांनाच होते. पण निळ्या आकाशाचा आनंद घेण्यास गच्ची लागते, आणि कंटाळा येण्यासाठी शिधा भरलेला लागतो. कंटाळा आणि भूक यांना ‘टाळेबंदीतील मानसिक ताण’ या एकाच सदरात घालणारे लेख त्या काळी रतीब घातल्याप्रमाणे छापून येत होते.

या अस्वस्थतेला वळण देण्याचे कामही तत्परतेने झाले. निजामुद्दीन येथील मरकजमध्ये बाधित आढळताच साथीला धर्म चिकटविण्यात आला. ईशान्य दिल्लीत फेब्रुवारीत त्रेपन्न माणसे मारली गेल्याला जेमतेम महिना उलटला होता. मुस्तफाबादच्या ईदगाहमधील निर्वासितांची छावणी टाळेबंदीच्या नावाखाली नुकतीच मोकळी केलेली. आता भाजीवाल्याचे नाव विचारून गाडी परतविली जाऊ लागली. विदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने म्हटले. तोवर व्हावयाचे नुकसान होऊन गेले होते.

ज्या कायद्याचा आधार राज्यांनी त्या मार्चमध्ये घेतला तो साथरोग कायदा १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्या प्लेगची आठवण आपल्याकडे रँडच्या वधाशी जोडलेली आहे, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला नारायण मेघाजी लोखंडे आणि १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेले, हेही सांगावयास हवे. मुंबईतून तेव्हाही गिरणी कामगार हजारोंनी कोकणात आणि देशावर निघून गेले होते. फरक एवढाच की तेव्हा यंत्रे थांबू नयेत म्हणून मालक घाबरले, आणि उरलेल्या कामगारांना रोजच्या रोज मजुरी चुकती करण्यापर्यंत त्यांना झुकावे लागले. २०२०मध्ये मालकांना ती गरज भासली नाही. मेमध्ये उत्तर प्रदेश सरकारने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे स्थगित ठेवण्याचा अध्यादेश संमत केला, आणि अनेक राज्यांनी बारा तासांच्या दिवसाचे हुकूम काढले. कामगार रस्त्यात असतानाच त्याच्या परतीच्या अटी लिहिल्या जात होत्या.

दुसरे काही शक्य होते काय? केरळने १९ मार्चलाच, म्हणजे देशव्यापी घोषणेच्या पाच दिवस आधी, वीस हजार कोटींची योजना जाहीर केली. सामुदायिक स्वयंपाकघरे काढली, परप्रांतीयांना ‘अतिथी कामगार’ म्हटले. तरीही २९ मार्चला कोट्टायम जिल्ह्यातील पायिप्पाड येथे हेच अतिथी गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. संकटात माणसाला आपल्या माणसांत जावेसे वाटते. उत्तम व्यवस्थाही ही ओढ मिटवू शकत नाही. तिने करावयाचे ते एवढेच, की जाणाऱ्याला गाडी मिळावी आणि राहणाऱ्याला ताट मिळावे. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटल्या. त्यांतून साठ लाखांहून अधिक लोक गेले. त्याच गाड्या मार्चमध्ये, संसर्ग पसरण्यापूर्वी, सोडता आल्या असत्या.

शिकवण घेतली गेली असती तर १९ एप्रिल २०२१ला ती दिसली असती. त्या रात्री दहापासून दिल्ली पुन्हा बंद झाली. मुख्यमंत्र्यांनी हात जोडून कामगारांना जाऊ नका असे विनविले, आणि आनंद विहार पुन्हा भरून गेले. विनंतीवर विश्वास ठेवण्याचे एकही कारण मधल्या वर्षात कोणी त्यांना दिले नव्हते. ते वर्ष प्राणवायूचे ठरले, स्मशानाबाहेरच्या वाहनतळावर पेटलेल्या चितांचे ठरले. त्या वेळी मृत्यू फाटकाच्या आतही शिरला. तरीही मोजणी तशीच राहिली. किती स्थलांतरित कामगार वाटेत मेले याची माहिती उपलब्ध नाही, असे कामगारमंत्र्यांनी सप्टेंबर २०२०मध्ये लोकसभेत सांगितले होते. आणि ज्या अधिवेशनात हे उत्तर दिले त्याच अधिवेशनात तीन कामगार संहिता संमत झाल्या.

त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच कामगारांपासून लागू होत असे. टाळेबंदीत त्याची अंमलबजावणी कोठे आहे असे विचारणाऱ्यांना निदान तो दाखविता तरी येत होता. नव्या संहितेत तो विलीन झाला, आणि स्थलांतरितांसंबंधीच्या तरतुदींची मर्यादा दहावर गेली. ई-श्रम नोंदणी तीस कोटींपलीकडे पोहोचली, पण नोंद झालेल्यांपैकी सुमारे आठ कोटींकडे शिधापत्रिकाच नाही असे आढळल्याने सर्वोच्च न्यायालयास त्यांना ती देण्याविषयी पुनःपुन्हा आदेश काढावे लागले. अन्नसुरक्षेचा कोटा आजही २०११च्या जनगणनेवर ठरतो. त्या गणनेच्या वर्षी जन्मलेली मुले आता कामाच्या शोधात कापसहेड्याला येण्याच्या वयाला पोहोचत आहेत, आणि नऊ माणसांची टोळी घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला ही संहिता विचारणार नाही की दहावा कोठे आहे.