गृहयंत्रविचार : मोटारीचा कंठ

गीतेच्या पहिल्या अध्यायांत पांचजन्य, देवदत्त, पौंड्र अशीं शंखांचीं नांवें येतात. वर्गांत तो भाग आला कीं एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी, "गुरुजी, एवढ्याशा शंखाचा आवाज इतका लांब कसा जातो?" आमचें उत्तर ठरलेलें असे. फुंकणाराचे ओठ थरथरतात आणि शंखाच्या पोकळींतील हवा त्या कंपास साथ देते. बाजारांत ज्यास एअर हॉर्न म्हणतात तो मोटारीचा हवेचा भोंगा याच कुळांतला. ओठांच्या जागीं पातळ पडदा, छातींतील श्वासाच्या जागीं विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, आणि पोकळीच्या जागीं कर्णा. कर्णा लांब असल्यास स्वर खालचा, आखूड असल्यास चढा.

हें सांगण्याचें निमित्त म्हणजे आमचा पुतण्या. आपल्या जुन्या जीपनें तो साखरप्याहून आंबा घाट चढून आठवड्यांतून दोनदां कोल्हापुरास जातो. गेल्या पावसाळ्यांत दाट धुक्यांत एका वळणावर, समोरून उतरणाऱ्या ट्रकच्या चालकास याचा भोंगा ऐकूंच गेला नाहीं. जीपचा उजवा मडगार्ड चेपला. चार बोटांचें अंतर राहिलें म्हणून मुलगा घरीं परतला. तेव्हांपासून तो घाटांत असला कीं वहिनींच्या डोळ्यास डोळा लागत नसे. अखेर एका रविवारीं तो एअर हॉर्नचें खोकें घेऊनच आला. म्हणाला, "काका, आज हा बसवायचाच."

आमच्या मनांत मात्र अढी होती. नोकरींत असतांना एकदां सायकलवरून शाळेस जात असतां, मागून आलेल्या मोटारीनें अगदीं कानाशीं कर्कश भोंगा वाजविला. आम्ही दचकून खडीवर पडलों आणि उजवें मनगट मोडलें. पुढें सहा आठवडे फळ्यावर डाव्या हातानें लिहावें लागलें. पण वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलें आणि मुकाट्यानें पाना हातीं घेतला.

तोंवर पुतण्यानें घाई केलीच होती. जुन्या भोंग्याच्या तारा सोडवून त्यानें त्या कॉम्प्रेसरला जोडल्या व बटण दाबलें. कर्णे कण्हल्यासारखे वाजले आणि सुकाणूपाशीं जळका वास आला. "हात काढ आधीं!" आम्ही ओरडलों. कारण उघड होतें. जुन्या भोंग्यास चार-पांच अँपिअर प्रवाह पुरे. या कॉम्प्रेसरच्या खोक्यावर अठरा लिहिलेले होते. या जीपमध्यें भोंग्याचा सगळा प्रवाह बटणांतूनच जातो. बारीक तारेनें व नाजूक बटणानें एवढा भार कसा सोसावा?

यावर उपाय रिले नांवाच्या लहानशा डबीचा. हेडमास्तर स्वतः घंटा बडवीत नाहींत. ते खूण करतात आणि घंटा शिपाई देतो. रिले हा तो शिपाई होय. बटणांतून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह गेला कीं आंतील वेटोळें लोहचुंबक बनतें आणि मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी करतें.

जोडणीचा क्रम असा. प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. हें विसरूं नये. रिलेवर चार आंकडे असतात. धन टोकाकडून जाड तार फ्यूजमधून ३० या टोकास आणावी. ८७ पासून कॉम्प्रेसरकडे तितकीच जाड तार न्यावी. आम्हीं अडीच चौरस मिलिमीटरची घेतली. कॉम्प्रेसरचें दुसरें टोक गाडीच्या सांगाड्यास, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर, घट्ट आवळावें. ८५ व ८६ हीं वेटोळ्याचीं टोकें. जुन्या भोंग्याकडे येणाऱ्या दोन्ही तारा त्यांस जोडाव्या. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ बसवावा, कारण त्याच्या अलीकडच्या तारेस कोणी राखणदार नसतो. तार पत्र्याच्या भोंकांतून जात असल्यास भोंकास रबरी कडें घालावें. कॉम्प्रेसर उभा असावा, नळी आखूड व न मुडपलेली असावी, आणि कर्ण्यांचीं तोंडें किंचित् खालीं असावीं, म्हणजे कोंकणचा पाऊस आंत सांचत नाहीं.

सर्व सिद्ध झाल्यावर पुतण्यानें बटण दाबलें. गोठ्यांतील गाईनें दावें तोडलें, पाळण्यांतील नात किंचाळून उठली, आणि ओटीवर जप करणाऱ्या आत्यांच्या हातून माळ गळून पडली. पुतण्याची मुद्रा विजयी वीरासारखी! वहिनी मात्र नातीस थोपटीत दारांत येऊन म्हणाल्या, "भावोजी, ह्यानें माझा मुलगा वाचेल. पण दुसऱ्या कोणाचा सायकलवरून पडेल, त्याचें काय?" आम्ही नकळत आपलें मनगट चोळूं लागलों.

रात्रीं आम्हीं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काढून पाहिले. नियम ११९ स्पष्ट आहे : पाठोपाठ निरनिराळे स्वर काढणारा भोंगा, किंवा अवाजवी कर्कश, तीव्र वा भयकारक आवाज करणारें कोणतेंही साधन वाहनास लावूं नये. आमच्या गाईची साक्ष पुरेशी होती. सकाळीं कर्णे उतरविण्याचा निर्णय सांगतांच पुतण्या हिरमुसला. "मग घाटांत मी काय करूं?"

त्याचा प्रश्न रास्त होता. म्हणून आम्हीं जुना भोंगा पूर्ववत् जोडून तो वाजत असतां त्याच्या टोकांशीं व्होल्टमीटर लावला. बॅटरीपाशीं साडेबारा व्होल्ट, आणि भोंग्यापाशीं जेमतेम साडेनऊ! तीन व्होल्ट गंजलेल्या जोडांत व झिजलेल्या बटणांत वाटेंतच खर्ची पडत होते. भोंगा दुबळा नव्हता. त्यास पोटभर अन्न मिळत नव्हतें. मग तोच रिले, तीच जाड तार, पण कॉम्प्रेसरच्या जागीं जुना भोंगा, आणि फ्यूज बदलून दहा अँपिअरचा. आतां मीटरनें बारा व्होल्ट दाखविले आणि भोंग्यास असा खणखणीत कंठ फुटला कीं पुतण्या पाहतच राहिला. गाय मात्र शांतपणें रवंथ करीत होती.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, नवा भोंगा विकत घेण्यापूर्वीं जुन्याचीं टोकें घासून पाहावीं. नवा घेणेंच प्राप्त झाल्यास भारतीय मानकास अनुसरून केलेला साधा विजेचा भोंगा घ्यावा. तो उगाच वा सतत वाजविल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें प्रथम एक हजार व पुढें दोन हजार रुपये दंड आहे. शांतता क्षेत्रांत, आणि वस्तींत रात्रीं दहा ते सहा, तो मुळींच वाजवूं नये. आणि वळणावर भोंग्याच्या आधीं पाय ब्रेकवर जावा; धुक्यांत समोरच्याचे कान उघडे असतीलच असें नाहीं.

आतां आमचा पुतण्या घाट चढून आंबा गांवीं पोहोंचला कीं घरीं फोन करतो. तो येईपर्यंत वहिनी जाग्याच असतात. तो आला कीं दिवा मालवितात.